सोळा मात्रांची सलामी आणि प्लास्टिकची रीड

१ जानेवारी १९९९, शुक्रवार. सकाळी ६.४०

नवं वर्ष. संकल्प तीन. रोज पहाटे पाऊण तास क्लॅरिनेटचा रियाज. कुणाशीही वाद नाही. रोजनिशी रोज लिहायची आणि खरी लिहायची.

रियाज उद्यापासून. आज थंडी फार आहे.

सकाळी ११

हिच्याशी वाद. विषय, माझे दात. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला वरचे पुढचे चार दात काढून कवळी बसवली, तेव्हापासून माझं वाजवणं बिघडलं असं हिचं म्हणणं. बेचाळीस वर्षं मी इथे बडोद्यात मंडळाच्या बँडमध्ये आहे, त्यातली एकतीस पहिल्या खुर्चीवर. हिने जन्मात पिपाणी वाजवलेली नाही. शांतपणे सांगितलं की क्लॅरिनेट दातांनी वाजत नाही, दमाने वाजतं. ही म्हणाली, मग दमाचंही तेच झालंय.

वाद मी सुरू केला नव्हता. संकल्प शाबूत आहे.

३ जानेवारी, रविवार

रियाज झाला नाही. काल गिझर बिघडला होता.

संध्याकाळी मंडळाच्या हॉलवर तालीम. तीन जिने चढून गेलो. हॉल तळमजल्यावर घ्या म्हणून किती वर्षं सांगतोय, कुणी ऐकेल तर शपथ. दहा मिनिटं नुसता बसून होतो. बँडमास्तर पिलाजीराव म्हणाले, सावकाश होऊ द्या. ते ज्या आवाजात म्हणाले तो मला आवडला नाही.

७ फेब्रुवारीला मंडळाचा स्थापना दिन. शेवटी सलामी. खरं म्हणजे मलाच ठाऊक असलेली गोष्ट मी इथे का लिहितोय, पण लिहितो, कारण आज डोकं तापलंय. सलामीचा शेवटचा सूर, वरचा सा, सोळा मात्रा धरायचा. एकट्या पहिल्या क्लॅरिनेटने. बाकी सगळा बँड गप्प. तो सूर लागला की बसलेल्यांनी उठायचं, कपाळाला हात लावायचा, आणि सूर संपला की बसायचं. आधी उठायचं नाही, नंतर उभं राहायचं नाही. आमचे आजे-पणजे बडोदा सरकारच्या पलटणीत होते तेव्हापासूनची ही रीत.

गेल्या वर्षी माझा सूर सहाव्या मात्रेला गेला. रीड खराब होती. आता आमचे दत्ताजीराव शहाऐंशीचे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. त्यांना पूर्ण उभं राहायला दहा-बारा मात्रा लागतात. सूर तुटला तेव्हा ते अर्धे उठलेले, एक हात खुर्चीवर, एक हात कपाळाकडे निघालेला. रीत म्हणजे रीत. तसेच परत खाली बसले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. माझं मत, माणसाने आपल्या गुडघ्यांची काळजी घ्यावी.

तर आज पिलाजीरावांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं: यंदा सोळा मात्रा पूर्ण झाल्या नाहीत तर पुढच्या रविवारपासून पहिली खुर्ची सुभानरावांना. सुभानराव गेली बावीस वर्षं माझ्या मागे दुसऱ्या खुर्चीवर आहेत. पादरा गावाहून एसटीने येतात. वाजवणं बरं आहे. ठीकठाक. त्यांनी मान खाली घालून क्लॅरिनेट पुसायला घेतलं. आतून उकळ्या फुटत असणार.

४ जानेवारी

रात्रभर विचार केला. (साडेदहापर्यंत. मग झोप लागली.) दोष सगळा रीडचा आहे. रीड म्हणजे काय, बोरूची बोटभर पातळ पट्टी. ती थरथरली तर सूर. हल्ली दुकानात जो बोरू येतो तो भिजवला की खोकल्याच्या गोळीसारखा मऊ पडतो. त्यात माझ्यासारख्याने काय वाजवायचं?

उपाय: प्लास्टिकची रीड. परदेशात निघालीय म्हणून पुतण्या हार्दिकने दिवाळीला सांगितलं होतं. तो न्यू जर्सीला कॉम्प्युटरमध्ये आहे. ना भिजते, ना चिरते, ना थंडीत आकसते. पूर्वी असलं काही मागवायचं तर सतरा कागद. आता देश खुला झालाय. त्याचा फायदा आपण नाही घ्यायचा तर कुणी?

रात्री निजामपुऱ्याच्या एसटीडी बूथवरून फोन. चार वेळा लाइन लागली नाही. बूथवाला प्रत्येक वेळी म्हणायचा, काका, धीरज राखो. पाचव्यांदा हार्दिक भेटला. पाठवतो म्हणाला. तब्येतीची चौकशी केली. तब्येतीला काय झालंय?

१२ जानेवारी, मंगळवार

हार्दिकच्या मित्राची आई अमेरिकेहून फतेगंजला आलीय, तिच्याकडून पाकीट आणलं. स्कूटर चढावर बंद पडली, ढकलत नेली. कंबर गेली. पण पाकिटात दोन रीडा! दुधी रंगाच्या, नखासारख्या गुळगुळीत. सोबत घडीचा कागद, इवल्या अक्षरांचा. तो ठेवून दिला.

सुभानराव अजून बोरूच फुंकतायत. मला त्यांची दया आली.

रात्री ९

पहिली रीड तांदळाच्या धुवणात भिजत घातली. आजोबांची पद्धत. नवी रीड तीन रात्री धुवणात, मग सावलीत वाळवायची, मग काचेच्या तुकड्याने हलक्या हाताने तासायची. त्याशिवाय रीड बोलत नाही. धैर्यशील, म्हणजे आमचे चिरंजीव, म्हणाला की बाबा, प्लास्टिक भिजत नाही. त्याच्या पिढीला सगळं झटपट हवं.

१४ जानेवारी. उत्तरायण

गच्ची-गच्चीवर पतंग आणि लाउडस्पीकर, सकाळपासून 'काय पो छे'. रियाज अशक्य. आज जरूर केला असता.

तिळाची चिक्की खाल्ली. कवळी चिक्कीबरोबर बाहेर आली. पुन्हा बसवली. याचा आणि वाजवण्याचा काही संबंध नाही.

रीड अजून भिजलेली दिसत नाही. उत्तम माल आहे.

१६ जानेवारी, शनिवार

वाळवली. गच्चीवर काच शोधावी लागली नाही, काल कुणाची तरी बाटली फुटली होती. दुपारी तासायला बसलो. बोरूचा भुसा पडतो, या रीडचे तंतू निघायला लागले, खोबऱ्याच्या किसासारखे. नाउमेद झालो नाही. तासभर तासली.

१७ जानेवारी, रविवार

तालमीत नवी रीड लावली. सगळे बघत होते. फुंकली. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला आणि थांबेचना. पिलाजीरावांनी हातातली काठी खाली ठेवली. मागून ढोलवाल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, डाळ शिजली. हसा, हसा.

सुभानराव हसले नाहीत. हसणाऱ्यांपेक्षा न हसणारे जास्त त्रास देतात.

१९ जानेवारी

धैर्यशीलने तो घडीचा कागद भिंग लावून वाचला. त्यात लिहिलंय की रीड भिजवू नये, तासू नये, लावावी आणि वाजवावी. इतकी महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरात! आमची चूक म्हणायची का ही? ही म्हणाली, हो.

एक रीड गेली. दुसरी आहे. माणसाला एकच लागते.

२० जानेवारी. पहाटे ५.३०

आज उठलो. खरंच उठलो. दुसरी रीड कोरडीच लावली. भिजवल्याशिवाय रीड ओठांशी न्यायला मन धजेना, देवाला पारोसं शिवल्यासारखं वाटलं. पण सूर लागला! गोल, मोठा. मधला सा, त्यावरचा रे, ग. अगदी पूर्वीसारखं. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू.

वरच्या सा ला कवळी उचलली जाते. रीड नवी आहे, तिला माझ्या तोंडाची सवय व्हायची आहे.

वरच्या मजल्यावरच्या बेन म्हणाल्या, काका, सवार सवारमां? एवढ्या पहाटे? त्यामुळे पहाटेचा रियाज बंद करावा लागला.

२४ जानेवारी, रविवार

तालीम. सात मात्रा. मी मोजल्या तर साडेआठ. पिलाजीराव घाईने मोजतात. सुभानराव म्हणाले, छान. बावीस वर्षं हा माणूस मला छान म्हणतोय. आज विचारावंसं वाटलं की यात छान काय. विचारलं नाही. संकल्प क्रमांक दोन.

जिना उतरताना मधे बसावं लागलं. कुणी पाहिलं नाही. दत्ताजीरावांनी पाहिलं, पण ते बोलत नाहीत ते एक बरं.

२६ जानेवारी

झेंडावंदन टीव्हीवर. दम वाढवायला प्राणायाम सुरू केला. पद्मासनात झोप लागली. मान अवघडली.

२९ जानेवारी, शुक्रवार

हिने मेडिकलमधून कवळी चिकटवायची पावडर आणली. नको म्हणून ठणकावून सांगितलं. दाताचा प्रश्नच नाही तर पावडर कशाला? ही डबी आरशाखाली ठेवून गेली.

रात्री लावून पाहिली. फक्त पाहिली. चव खडूसारखी.

३१ जानेवारी, रविवार

शेवटची तालीम. नऊ मात्रा! पिलाजीराव म्हणतात आठ. आठवडाभरात एक किंवा दोन मात्रांची प्रगती. या हिशेबाने मार्चअखेर सोळा होतील. कार्यक्रम ७ फेब्रुवारीला ठेवण्याची मंडळाची घाई मला कळत नाही.

तालमीनंतर सुभानराव जवळ आले, इकडचं तिकडचं बोलले, ऊस, एसटी, आणि मग हळूच विचारलं की दम नेमका कुठे तुटतो, आठव्याला की नवव्याला. काय हा उतावळेपणा! खुर्ची मिळायची तेव्हा मिळेल ना. मी ताठ उत्तर दिलं की माझा दम तुटत नाही, रीड थांबते. ते म्हणाले, हो, तेच विचारतोय, रीड कुठे थांबते. आठव्याच्या पुढे, म्हणून सांगितलं आणि निघून आलो.

घरी येऊन जेवलो नाही. दमलो आहे. खरं लिहायचं म्हणून लिहितो, फार दमलो आहे.

५ फेब्रुवारी

दोन दिवस अंथरुणात. सर्दी. हिने सुचवलं की पिलाजीरावांना कळवा, यंदा सुभानराव वाजवतील. मी म्हणालो, बेचाळीस वर्षांत सुट्टी घेतलेली नाही. ही म्हणाली, बेचाळीस वर्षांत चार वेळा घेतलीय, एकदा धैर्यशीलच्या जन्माला. त्या वेळी मी वाजवूनच दवाखान्यात गेलो होतो. ही म्हणाली, तेच सांगतेय.

७ फेब्रुवारी, रविवार. रात्री १०.१५

सोळा! सोळा मात्रा!

क्रमाने लिहितो. पटांगण भरलेलं. धैर्यशीलने मित्राचा हॅण्डिकॅम आणला होता. पावडर लावली होती (सर्दीमुळे). मार्च, दोन गती, मग सलामी. बँड थांबला. मी वरचा सा लावला. पहिल्या रांगेत दत्ताजीरावांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला. मी त्यांच्याकडे बघायचं नाही ठरवलं होतं, बघत राहिलो. पाच. सहा. सहाव्याला ते जिथे गेल्या वर्षी अडकले तिथेच होते, कमरेत वाकलेले. आठव्या मात्रेला कवळी जागची सरकली, छातीत काही उरलं नाही, डोळ्यांपुढे काळोख. संपलं म्हटलं.

आणि सूर चालूच राहिला.

मी फुंकत होतो की नव्हतो, मलाच कळेना. पण सूर होता. माझाच सूर, फक्त जास्त गोल. दहा. बारा. दत्ताजीराव उभे राहिले. पूर्ण ताठ, कपाळाला हात, हनुवटी वर. चौदा. सोळा. सूर थांबला, आणि ते आपल्या आपण, सावकाश, खाली बसले. टाळ्या.

यामागचं शास्त्र मी आता घरी विचार करून काढलं. बोरू ओला असतो, फुंकर थांबली की लगेच मरतो. प्लास्टिक कडक असतं. एकदा थरथरायला लागलं की स्वतःच्या जोरावर काही वेळ थरथरत राहतं, घंटेसारखं. त्या कागदात हे लिहिलेलं नाही. त्यांना माहीतच नसणार.

पिलाजीरावांनी हात हातात घेतला. दत्ताजीराव वर्षानंतर बोलले. म्हणाले, बडोद्याची अब्रू राखलीत. पहिली खुर्ची माझी. सुभानरावांचं तोंड लालबुंद झालं होतं. मला वाईट वाटलं, पण काय करणार? त्यांना नवी वस्तू वापरून पाहायची हिंमत नाही. शेवटची बस आहे म्हणत घाईने निघून गेले.

८ फेब्रुवारी

घरी पुन्हा वाजवून पाहिलं. सूर आठव्याला थांबला. खोलीत हवा कोंडली आहे. अशी रीड मोकळ्या पटांगणात वाजते.

हार्दिकला पत्र. एक डझन पाठव. गुजरातची एजन्सी घेण्याचाही विचार आहे, तिथे कुणाला भेटावं लागेल ते कळव. सुभानरावांना पहिली रीड फुकट देणार. उपकार म्हणून नव्हे, माणूस म्हणून.

१० फेब्रुवारी, बुधवार

धैर्यशीलने हॅण्डिकॅमची कॅसेट व्हीसीआरवर चालेल अशी करून आणली. मीच शेजाऱ्यांना बोलावलं. वरच्या मजल्यावरच्या बेन, त्यांचे दोन भाऊ, समोरचं जोशी कुटुंब. चौदा माणसं बाहेरच्या खोलीत. हिने चिवडा केला.

सलामी सुरू झाली. टीव्हीवर मी चांगला दिसतो. एक, दोन, मी मोठ्याने मोजत होतो, सगळे माझ्याबरोबर मोजत होते. आठ. आठव्याला टीव्हीतल्या मी क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि डावा हात तोंडावर धरला, कवळी सांभाळायला. मला हे आठवतच नव्हतं. सूर चालू होता. नऊ. मोजणारा मी एकटाच उरलो. मग मीही थांबलो.

धैर्यशीलने तेव्हा कॅमेरा हलवला असावा. मागच्या रांगेत, कागदाच्या स्टॅण्डआड वाकून, सुभानराव. डोळे मिटलेले. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. सोळापर्यंत.

बेन म्हणाल्या, बहु सरस, काका. ही उठली, चहा ठेवते म्हणाली. चौदा जणांचा चहा व्हायला वेळ लागला. सगळे थांबले, तेवढा वेळ मी टीव्हीच्या वायरी नीट करत होतो.

११ फेब्रुवारी, गुरुवार

एसटीने पादऱ्याला गेलो. जाब विचारायला. रस्त्यात पूर्ण भाषण तयार केलं. कुणी अधिकार दिला, ही फसवणूक आहे, मंडळाच्या नियमात बसत नाही. स्टॅण्डपासून चालत गेलो. पोचेपर्यंत दम लागला. ओट्यावर बसूनच बोलावं लागलं, त्यामुळे भाषणात जोर राहिला नाही.

सुभानरावांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी आणून दिलं. म्हणाले, दत्ताजीराव अर्धे उठले होते हो. त्यांना पुन्हा तसंच कसं बसवायचं?

मी म्हणालो, सूर तुटला असता तर खुर्ची तुमची होती. ते म्हणाले, होती. एवढंच. मग मी विचारलं की कुठली रीड वापरता. दुकानात मिळते ती, बोरूची, दोन-दोन महिने टिकते म्हणाले.

त्यांच्या घरच्यांनी जेवायला थांबवलं. वांग्याचं भरीत फार चांगलं होतं. निघताना ते स्टॅण्डपर्यंत आले, माझ्या चालीने चालत. बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या माणसाला सर्दी आहे म्हणून सांगितलं. आहेच.

१४ फेब्रुवारी, रविवार

तालीम. लवकर गेलो आणि दुसऱ्या खुर्चीवर बसलो. पिलाजीरावांनी विचारलं की हे काय. मी सांगितलं की पुढे खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो. संध्याकाळी साडेसातला. त्यांनी बरं म्हटलं. सुभानराव दारातच उभे राहिले, आत येईनात. शेवटी मीच ओरडलो की बसा आता, तालमीला उशीर होतोय. बसले.

मागून नुसती मान दिसते. माझ्या लक्षात आलं की या माणसाने बावीस वर्षं माझी मान बघितलीय. दम संपायला आला की मानेवर कळत असणार.

सलामी घेतली. ठरवलं होतं की त्यांचा दम कमी पडला तर मागून मी सूर धरायचा, म्हणून मीही हळूच बरोबर लावला. त्यांनी सोळा पूर्ण केल्या. मी आठव्याला थांबलो.

कुणाला कळलं नाही.